थुंकायची बादली

निरंजनने चौथी वाईन तोंडात घोळवली, डोळे मिटले, मान डोलावली आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये ठेवलेल्या स्टीलच्या बादलीत ती सफाईने थुंकली.

खरे जाणकार वाईन गिळत नाहीत, थुंकतात, हे त्याने आदल्या दिवशी मोबाईलवर पाहून ठेवलं होतं. ताथवड्याच्या हॉटेलातल्या त्या भव्य वाईन महोत्सवात बाकी कुणी ते पाहिलेलं दिसत नव्हतं. बादली प्रत्येक टेबलाशी होती. लोक तिच्यात टिश्यू टाकत होते.

"हिला ओल्या मातीचा आणि जुन्या चामड्याचा गंध आहे," मंचावरून विजयश्री मॅडम सांगत होत्या. बाटली फ्रान्समधल्या कुठल्याशा गढीतून आली होती आणि तिची ओळख नव्या व्याह्यांसारखी करून दिली जात होती.

"चामडं?" शेजारी बसलेल्या अण्णासाहेबांनी ग्लासात नाक घातलं. "आपल्या भोसरीच्या जुन्या शेडमधल्या लेथचा पट्टा असाच वास मारायचा. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत."

निरंजन हसला. प्यायलेला माणूस हसतो तितका, म्हणजे गरजेपेक्षा जास्त.

अण्णासाहेब मालक. चाकणच्या त्यांच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे ब्रॅकेट बनतात. निरंजन तिथला क्वालिटी हेड. कारखान्यात एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच पाळला जात होता. पिऊन बोललेलं गेटच्या आत येत नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की पार्टी व्हायची. पेंट शॉपच्या कोंडीरामने एका पार्टीत अण्णासाहेबांना तोंडावर चिक्कू म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी त्याला स्वतः चहा पाजला.

निरंजनच्या आधीचा क्वालिटी हेड मात्र मालकाच्या जावयाबद्दल केबिनमध्ये, सकाळी, शुद्धीत बोलला. तो आता रावेतला शोभेच्या माशांचं दुकान चालवतो.

निरंजनला जावयाबद्दलच बोलायचं होतं. मासे त्याला आवडत नव्हते.

"अण्णासाहेब, एक बोलू?" त्याने जीभ जड केली.

"चढलीय का रे तुला?"

"फुल."

"मग बोल."

"तुमचे सुजितराव. तडा गेलेला माल पाठवतात. मी लाल टॅग लावून अडवतो, ते हिरवा लावून सोडतात. विचारलं की म्हणतात, एवढ्याने काही होत नाही. एखादी गाडी उतारावर थांबली नाही ना, अण्णासाहेब..." वाक्य त्याने मुद्दाम अर्धवट सोडलं. प्यायलेल्याची वाक्यं पूर्ण होत नसतात.

अण्णासाहेबांनी मोठा घोट घेतला. मग रुमाल पडला म्हणून खाली वाकले. मघाशी बुटाच्या लेससाठी वाकले होते. वर आले तेव्हा चेहरा लाल होता.

"जावई आहे रे तो माझा," ते म्हणाले. "पण वाईट समोर दिसत असताना जो ते पुढे जाऊ देतो, तो माझा कुणी नाही. उद्या सुजित घरी बसेल. प्लांट तू बघायचा."

हेही गेटच्या आत येणार नाही, हे निरंजनला ठाऊक होतं. पण गोष्ट योग्य कानात पडली होती आणि नोकरी जागच्या जागी होती. एका दुपारीत एवढं पुष्कळ झालं.

वेटर आला आणि काठोकाठ भरलेली बादली बदलून घेऊन गेला. एवढ्यात भरली? निरंजनला स्वतःचं कौतुक वाटलं.

निघताना अण्णासाहेबांचा तोल गेला. त्यांनी निरंजनचा खांदा धरला आणि दुसऱ्या हाताने खिशातून चावी काढली.

"धोंडीबा कुठाय?" निरंजनने ड्रायव्हरची चौकशी केली.

"पोरीला बघायला आलेत त्याच्या. सुट्टी दिली. मी चालवतो की."

निरंजनचा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. चावी मागायची म्हणजे आपण शुद्धीत आहोत हे सांगायचं. शुद्धीत आहोत म्हणजे मघाचं सगळं शुद्धीत बोललो.

"कॅब बोलवू?"

"माझी गाडी इथं टाकून? बस गप."

निरंजन बसला. पट्टा लावला. अण्णासाहेबांचं निगडीचं घर काही लांब नाही, रविवारची दुपार आहे, रस्ता मोकळा आहे. एवढ्याने काही होत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं.

रावेतच्या अलीकडे एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती. निरंजनचे पाय आपोआप गाडीच्या तळावर दाबले गेले. अण्णासाहेबांनी ब्रेक लावला, दोघांना जाऊ दिलं. बघ, काही झालं का, निरंजन मनात म्हणाला आणि निवांत मागे टेकला.

पुढच्या चौकात पोलीस उभे होते. महोत्सवाची खबर त्यांनाही होती. हवालदाराने खिडकीतून मशीन आत धरलं. अण्णासाहेबांनी फुंकर मारली. हवालदाराने मशीनकडे बघितलं, ते झटकलं, पुन्हा फुंकायला लावलं.

"काहीच दाखवत नाय. जा साहेब."

मशीन कॅलिब्रेट केलेलं नसणार, असं निरंजनच्या मनात आलं.

अण्णासाहेबांनी थोडं पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. अगदी सरळ, पांढऱ्या पट्टीला समांतर. इंजिन बंद केलं.

"ती बादली तू एकट्याने भरलीस असं वाटलं तुला?" त्यांचा आवाज केबिनमधला होता, सकाळचा. "सुजितबद्दल मी बोललो ते खरं आहे. उद्या तो घरी बसेल."

निरंजनने तोंड उघडलं. या वेळी वाक्य आपणहून अर्धवट राहिलं.

"आणि तू चावी कधी मागतोस," अण्णासाहेब म्हणाले, "याची मी हॉटेलपासून इथपर्यंत वाट बघत होतो."