पिवळी रेष

सोमवारी सकाळी मेकॅनिकने गॅरेजचं शटर वर ढकललं, तर मुलीच्या शर्यतीच्या गाडीखाली पुन्हा हिरव्या पाण्याचं थारोळं. रेडिएटर गळला होता. क्षणभर त्याच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि लगेच स्वतःचाच राग आला. पहिली शर्यत रविवारवर आली होती.

हा सलग चौथा सोमवार. एकदा ऑइलचा पाइप सुटला, एकदा पंख्याचा पट्टा, आता दुसऱ्यांदा रेडिएटर. ब्रेकला किंवा स्टिअरिंगला मात्र कधी धक्का लागला नव्हता, तेवढी देवाची कृपा.

त्याची रीत जुनी होती. नट आवळला, की नट आणि खालचा पत्रा यांना जोडून एक पिवळी रेष ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेष तुटते आणि लांबून दिसते. पण इथे रेषा सगळ्या सरळ आणि नट सैल. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. शनिवारी तो सगळं आवळून, पुसून, गॅरेजची किल्ली घरच्या खुंटीला लावायचा. सोमवारी पुन्हा जैसे थे.

"वय झालं तुमचं," बायको म्हणाली. ती चहाचे पेले घेऊन मागोमाग आली होती. "परवा लोणच्याची बरणी उघडेना तुम्हाला. नटाचं काय घेऊन बसलात!"

"बरणीला नट असता तर उघडली असती," तो म्हणाला. पण हात खिशात घातले.

मुलगी आली. आज तिला नव्या सीटमध्ये बसवून पट्टे बेतायचे होते. गेल्या मोसमात शर्यतीत हीच गाडी उलटून ती आत लटकली होती. दार कापून बाहेर काढायला अकरा मिनिटं लागली. हॉस्पिटलात तिच्या मानेला पट्टा होता. हो म्हणायला काय नि नाही म्हणायला काय, मान हलणारच नव्हती. तो उशाशी वाकून म्हणाला होता, "थंडी सरू दे, वाघिणी. आधीपेक्षा भारी गाडी करून देतो. शर्यतीत उतरायचं ना पुन्हा?" तिने डोळे मिटले. त्याने ते 'हो' धरलं आणि गल्लीभर सांगत सुटला.

मग अख्खी थंडी या एका खोलीत गेली. मागची सीट काढली, गालिचे काढले, काचेच्या जागी हलकं प्लास्टिक आलं. ब्रेक मोठे बसवले. आत जाड नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला, गाडी कितीही उलटली तरी चेपू नये म्हणून. मुलगी रोज मदतीला यायची. हवा तो पाना हातात द्यायची आणि बोलायची मात्र नाही. 'एकाग्र झाली आहे,' तो सगळ्यांना सांगायचा.

"वाघिणीला पिंजऱ्यात कोंडायचं आणि मग पळ म्हणायचं," बायको म्हणाली. "तुमची तऱ्हाच न्यारी."

मुलगी हसली नाही. नळ्यांमधून वाकून आत बसली. त्याने पाचही पट्टे तिच्या अंगावरून ओढून मधल्या कुलपात अडकवले. हेल्मेट चढवलं, ते मानेमागच्या आधाराला बांधलं. आता फक्त डोळे दिसत होते.

"घट्ट झालं का?"

"ठीक आहे, बाबा."

"बस तशीच. मी खालची गळती बघतो."

तो पाठीवर गाडीखाली सरकला. फरशी गार होती. बॅटरीचा झोत नेमका रेडिएटरच्या पाइपाच्या क्लिपवर धरला. रेष सरळ, स्क्रू सैल. त्याने बोट लावलं. रंग अजून पुरता वाळला नव्हता. मग त्याने बॅटरी आणखी जवळ नेली.

तो रेष डावीकडून उजवीकडे ओढायचा. सुरुवातीला रंगाचा ठिपका, उजवीकडे बारीक शेपूट. या रेषेचा ठिपका उजवीकडे होता आणि शेपूट डावीकडे. ऑइलच्या पाइपावरची रेष पाहिली. तशीच. पंख्याजवळची, तीही तशीच. ब्रेकवरच्या रेषा मात्र त्याच्याच होत्या. त्यांना कुणी हातही लावला नव्हता.

दहा वर्षांची एक पोर सुट्टीत इथेच बसायची. तो नट आवळायचा, ती रंग लावायची. "अगं डावखुरे, रेष उलटी ओढतेस," तो चिडवायचा. "घट्ट असली की झालं ना, बाबा?" ती म्हणायची.

"अहो, झालं की नाही?" बायकोने वरून विचारलं. "चहावर साय आली. आणि शेजारी विचारताहेत, रविवारी किती वाजता निघायचं?"

गाडीखालचा उजेड विझला.

"कुणी निघायचं नाही," तो खालून म्हणाला. "सांग त्यांना, ही गाडी माझ्याच्यानं होत नाही. हात थकले माझे."

बायकोने पेले खाली ठेवले. या माणसाने तीस वर्षांत एकही गाडी 'होत नाही' म्हणून परत पाठवली नव्हती.

तो बाहेर सरकला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि नळ्यांमधून आत वाकला. मुलगी त्याच्याकडेच बघत होती. खांदे, कंबर, मान, सगळं जखडलेलं.

"बाळ," तो हळू म्हणाला. आज वाघीण म्हणाला नाही. "उतरायचंय का गं पुन्हा?"

तिने डोळे मिटले, हॉस्पिटलात मिटले होते अगदी तसेच.

या वेळी त्याने हात आत घातला आणि पट्ट्यांचं कुलूप सोडलं.