ती होती तेव्हाची चव

माळावर वाघरीचं जाळं लावून धरलेला ससा नवऱ्याने सोलून चुलीपाशी आणून ठेवला आणि म्हणाला, "बघ, या खेपेला तरी जमतंय का." हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर वेळी तो रस्सा भुरकायचा आणि उसासा टाकायचा, "ती होती तेव्हाची चव नाही."

तिने गळ्यातला मेलेल्या सवतीच्या नावाचा टाक, चांदीच्या पत्र्यावरची तिची मूर्त, पाठीवर सारला. आपलं वाटण त्या बयेला दिसायला नको! पण तीळ-खोबरं वाटता वाटता हात थांबला आणि तिने सासूला विचारलंच, "आत्याबाई, ती काय घालायची हो सशात?"

"ती कशाला काय घालतीय?" सासू हसली. "तिला सोललेला ससा बघितला की घेरी यायची. अंगणात तीन दगड मांडून हा तुझा नवराच शिजवायचा आणि पहिलं ताट तिला वाढायचा."

हौसाने पाटा तसाच सोडला. टाक ओढून पुढे घेतला. बघू दे तिलाही! मग सशाचं पातेलं नेऊन ओसरीवर नवऱ्यापुढे आदळलं आणि रिकामं ताट घेऊन ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"बघू, तुम्हाला तरी अजून जमतंय का."