राणीसाहेबांची बाल्कनी

जुन्या गल्लीत आमचा दोन बेडरूमचा नवाकोरा फ्लॅट आहे. खाली पर्यटक थांबले की मी बाल्कनीतून ठोकून देतो, "दोनशे वर्षांची आहे बरं का ही! इथूनच राणीसाहेबांनी सैन्याला निरोप दिला." सूनबाई आतून ओरडते, "अहो बाबा, बिल्डिंगला तीन वर्षं झालीत, जरा लाज बाळगा!"

काल त्या घोळक्यात एक गवंडी लेकीचा हात धरून उभा होता. माझी थाप ऐकून पोरगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर म्हणालात, ही बाल्कनी मी बांधली!" खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण एवढ्या लोकांपुढे जीभच रेटेना.

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि तिला म्हणाला, "एवढे मोठे आजोबा खोटं कशाला बोलतील, बाळा? माझीच बिल्डिंग चुकली असेल."