डावे बाबा, उजवे बाबा

“ताई, काका दोनदा आलेत!” स्टुडिओवाल्याने स्क्रीन अनघाकडे वळवली.

गेल्या दिवाळीत सगळं गोत एका फोटोत मावेना, म्हणून मामांनी कॅमेरा फिरवत तीन फोटो काढले होते. ते संगणकावर जोडल्यावर बाबांची लबाडी उघडी पडली. डाव्या टोकाला ते हात बांधून, शहाण्यासारखे उभे होते. मग मामांच्या पाठीमागून पळत जाऊन उजव्या टोकालाही उभे राहिले होते, जीभ बाहेर काढून.

“एक पुसून टाक,” आत्या करवादली. “तेराव्याला हा फोटो भिंतीवर लागणार. मेला तरी चावटपणा सोडत नाही!”

“कुठले काका काढू?” त्याने विचारलं.

अनघा आठवडाभर रडली नव्हती. आताही तिला हसूच आलं.

“कुठलेच नको. एका बाबांना सोमवारी पोचवून आलो. दुसरे राहू द्या.”