सोनलचा हात

"आईबापांनी मुलांवर हात उगारू नये, असा कायदा हवा का?" बाईंनी विचारलं, तसा चौथीच्या वर्गात सर्वांत आधी सोनलचा हात वर गेला.

बाई चपापल्या. सोनलची आई सावत्र, हे अख्ख्या गावाला ठाऊक. "मारते का गं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला बोटसुद्धा लावत नाही. लोक नावं ठेवतील, म्हणते. धाकट्यालाच मारते."

धाकटा तिच्या पोटचा. काल त्यानं लोणच्याची बरणी फोडली आणि दोन धपाटे खाल्ले. ते पाहून सोनलनं तुपाची बरणी मुद्दाम पाडली. आईनं नुसत्या काचा वेचल्या.

"मग तुला कशाला गं हवा कायदा?"

सोनल फणकारली. "मारून झालं की ती त्याला मांडीवर घेते, बाई!"