होडीचा उपयोग

दिनानाथ कारकुनानं फॉर्म वाचला आणि पुन्हा हौसाकडं सरकवला.

"मावशी, इथं चुकलंय तुमचं. होडीचा उपयोग म्हणून 'हौशी' लिहिलंत."

"चुकलं नाय," हौसा म्हणाली.

पेणच्या बंदर खात्याच्या ऑफिसात ती सकाळीच येऊन बसली होती. तिच्या लेकानं, जितेशनं, वर्षभर होडीचा ध्यास घेतला होता. शेवटी मिठागरात राबून केलेल्या पाटल्या मोडून तिनं होडी बांधून दिली. अट एकच घातली, होडी माझ्या नावावर होईल. जितेश रोह्याच्या कंपनीत कामाला होता. तू शिफ्टला जा, कागदाचं मी बघते, असं तिनंच त्याला बजावलं होतं. दोन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात ती लिहायला शिकली होती. फॉर्मवरचं अक्षर न् अक्षर तिचं होतं.

दिनानाथ भला माणूस. मासेमारी लिहिलं तर फी निम्मी पडेल, डिझेलला सवलत मिळेल, असं त्यानं दोनदा समजावलं. हौशी होडी हे मुंबईच्या शेठलोकांचं काम, खाडीकाठच्या बाईला ते कशाला?

"तीस वरसं मीठ ओढलं," हौसा म्हणाली. "आता होडीत बसून नुसती खाडी बघीन."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. दिनानाथ मात्र हसला नाही. त्यानं पूर्ण फी घेतली, पावती फाडली, शिक्का मारला. हौसानं ठसठशीत सही केली आणि नोंदणीचा कागद पदराखाली धरून ती स्टेशनवर गेली.

संध्याकाळी जितेश रोह्याच्या गाडीतून उतरला तो खांद्यावर नवं कोरं जाळं टाकूनच. राजीनामा लिहून खिशात ठेवला होता, उद्या साहेबाला द्यायचा. त्यानं हसत हसत कागद घेतला. वाचता वाचता थांबला.

"आये, ह्या होडीनं मासेमारीला मनाई हाय. कारकुनानं घोळ घातलाय. चल, बदलून घेऊ."

"मालकाच्या सहीबिगर बदलत नाय. आन् मी सही करनार नाय."

"परवान्याबिगर मी दर्यात जाऊ कसा?"

हौसानं त्याच्या खांद्यावरचं जाळं उतरवून घेतलं.

"परवाना तुज्या बापाकडं होता," ती म्हणाली. "होडीसंगं तेवढाच काठाला लागला."