तिसरा गडी

कुस्तीचे डाव कौतुकानं लवकर येतात की धाकानं, हे सांगलीच्या चिंतामण मास्तरांना तपासून पाहायचं होतं. मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं तसं, तालमीतल्या एका गड्याला ते रोज शाबासकी देत, दुसऱ्याला रागावत आणि तिसऱ्याकडे, गुंडाकडे, मुद्दाम बघतही नसत.

"आवं मास्तर, आज तरी बगा की," गुंडा म्हणायचा. मास्तर तोंड फिरवायचे.

शेवटी तो तालीम सोडून पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशच्या लढाईत मारला गेला.

मास्तर घरी भेटायला गेले, तेव्हा त्याची आई साळूबाई पुढ्यात येऊन बसली.



"बायामानसानं तालमीत जायाचं न्हाई, म्हनून मी कवा बगितलंच न्हाई. तुमी तर रोज तितं असायचा. माजा गुंडा कुस्ती कशी खेळायचा वो?"